सागवानाला वाळवी लागत नाही

अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये एक जागतिक विक्रम झाला. लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. दोन्ही शहरांना अभिमान वाटला. ज्यांनी त्या सुमारास सुताराकडे दिवाण करायला टाकला होता त्यांना मात्र जरा वाईटही वाटलं असणार, कारण वऱ्हाडात दिवाण होळीला सांगावा लागतो आणि पोळ्यापर्यंत तो ‘सोमवारी देतो ना भाऊ’ या एकाच वाक्यावर उभा असतो.

असो. दिवाण येतो, सोफाही येतो. टेम्पोतून उतरवताना चार जण धरतात, पाचवा ‘हळू, चौकटीले लागन’ म्हणून नुसतं सांगतो, आणि घरातली साडेतीन वर्षांची व्यक्ती दारात उभी राहून हे सगळं शांतपणे पाहत असते. तिला घाई नसते. १०५ तास म्हणजे साडेचार दिवससुद्धा नाहीत, आणि नवा सोफा जुना करायचं काम वऱ्हाडी पोरानं मनावर घेतलं तर त्यातले तीन दिवस शिल्लक राहतात.

वऱ्हाडात लाकूड म्हणजे सागवान. बाकीची झाडं सावलीला आणि सरपणाला. मेळघाटाच्या डोंगरात साग मुबलक आणि डोंगर उतरलं की लाकडाचा पहिला मोठा बाजार परतवाड्याचा. त्यामुळे ‘परतवाड्याचं लाकूड आहे’ हे वाक्य अमरावतीत मुलीचं कूळ सांगावं तशा आवाजात सांगितलं जातं. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग त्याहून वरचा मानणारेही आहेत, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड रवाना झालं तेव्हापासून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ राहिलेला नाही. पाहुणा घरात आला की बसण्याआधी सोफ्याच्या हातावर बोटानं टकटक करतो.

‘सागवान हाय ना?’

‘हाव, पूर्ण सागवान.’

‘मंधात प्लाय तं नाही टाकला?’

एवढी चौकशी झाल्यावर पाणी येतं. सागाची ही प्रतिष्ठा फुकटची नाही. त्याच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल आणि काही अशी द्रव्यं असतात की वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पाण्यात तो सहजी कुजत नाही, म्हणून त्याची जहाजं बांधली गेली. ऊन, पाऊस, वाळवी, समुद्र, सगळ्या परीक्षा या लाकडानं शतकानुशतकं दिल्या आहेत. परीक्षेत एकच धडा नव्हता. सागवानाला वाळवी लागत नाही, पोट्टे लागतात.

मोठ्या माणसाला सोफा म्हणजे बसायची जागा वाटते, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. पोराच्या दृष्टीनं बसणं हा सोफ्याचा सगळ्यात कंटाळवाणा उपयोग. त्याची पाठ ही घसरगुंडी, हात हा घोडा, गाद्या काढून उभ्या केल्या की किल्ला, आणि गाद्या काढल्यावर खाली जी फट दिसते ती तिजोरी. या तिजोरीत पेन्सिलींचे तुकडे, अर्धी बिस्किटं, एक मोजा, आजीच्या चष्म्याची काडी आणि दोन महिन्यांपूर्वी ज्याच्यावरून नवरा-बायकोत अबोला झाला होता ते वीजबिल, असं सगळं मिळतं. उडी मारणं तर हक्काचंच. अमरावतीत त्याला परंपराही आहे. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकानं तिथे जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. ज्या गावची माणसं मल्लखांब घेऊन बर्लिनला जाऊन आली, त्या गावच्या पोरानं सोफ्यावरून दिवाणावर झेप घेतली तर त्याला ‘कुणाचं शिकला बे हे?’ असं विचारण्यात काही हशील नाही.

उडीनं स्प्रिंग जाते, पण स्प्रिंग आत असते आणि पाहुण्यांना दिसत नाही. खरा घात डागांचा.

पहिला मान हळदीचा. वरणभाताचा हात सोफ्याला पुसला गेला की घरातली कर्ती बाई साबण घेऊन धावते आणि पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो. मग आरडाओरडा. यात साबणाची लबाडी काही नाही. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लारीच्या संगतीत लाल होतो. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, ती हीच गोष्ट. या रंगाचं दुसरं वैशिष्ट्य वऱ्हाडाला जास्त उपयोगी आहे. उन्हात तो उडतो. पांढरी खोळ धुवून गच्चीवर टाकली की हळद फिकी होत जाते, आणि ऊन या एका मालाच्या बाबतीत अकोल्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून सगळं शहर उसासे टाकत असतं, तेव्हा लहान मुलांच्या आया तेवढ्या मनातल्या मनात खोळी मोजत असतात.

दुसरा डाग डॉटपेनचा. हा बहुधा सोफ्याच्या लाकडी हातावर असतो आणि कलाकृती असते. त्यात आई, बाबा, सूर्य आणि एक ट्रॅक्टर असतो. यावर उपाय करायला आजोबा पुढे येतात, कारण डॉटपेनची शाई स्पिरिटनं जाते हे त्यांना नोकरीत असल्यापासून माहीत असतं. शाई जाते हे खरं. पण जुन्या फर्निचरचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. जे स्पिरिटमध्ये विरघळून लाकडावर चढलं ते स्पिरिटमध्येच विरघळून उतरतं. फडक्याच्या चार हातांत आई, बाबा, सूर्य आणि ट्रॅक्टर जातात, त्यांच्याबरोबर सुताराची आठ दिवसांची मेहनतही जाते, आणि सोफ्याच्या हातावर गोरापान चट्टा उमटतो. नातवाचं चित्र वीस वर्षांनी पाहायला कौतुकाचं झालं असतं. आजोबांच्या चट्ट्याला तसं कौतुक कुणी करत नाही.

तिसरा प्रकार स्टिकरांचा, आणि त्याचं मैदान लोखंडी कपाट. गोदरेजनं १९२३ मध्ये लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली तेव्हा चोर, आग आणि उंदीर यांचा विचार झाला असावा. च्युइंगमच्या पाकिटातून निघणाऱ्या स्टिकरांची कल्पना कुणाला येणार? आईच्या आंदणातलं कपाट घ्या, त्याच्या खालच्या साडेतीन फुटांवर एक क्रिकेट संघ, दोन कार्टूनं आणि गणपती चिकटलेले असतात. वर आरसा स्वच्छ, कारण हात पोचत नाही. घरातल्या मुलाची उंची कुठल्या वर्षी किती वाढली हे वऱ्हाडात कपाटावरूनही सांगता येतं. या स्टिकरांचा गोंद खरवडू नये, रंग निघतो. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याचं साल त्यावर पिळून घासावं. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं आणि ते चिकट गोंद विरघळवतं. त्याच तेलाचा एक शिंतोडा फुग्यावर पडला तर फुगा फट्टकन फुटतो. हा दुसरा प्रयोग मुलांना सांगू नये असं कितीही ठरवलं तरी आजोबा तो करून दाखवतातच.

रेक्झिनचा सोफा घेणारे यातून सुटतात असं त्यांना दुकानात वाटतं. ‘ओल्या कपड्यानं पुसा, झालं’ असं दुकानदार सांगतो. त्याचं खोटं नसतं, फक्त अर्धं असतं. मे महिन्यात खिडकीत कूलर लागतो. बाहेर आगीचा लोळ, आत कूलरची ओलसर हवा, आणि सोफा नेमका कूलरच्या तोंडाशी, कारण घरातल्या प्रत्येकाला तीच जागा हवी असते. अशा गरम आणि दमट हवेत नकली चामड्यावरचा थर हळूहळू सुटायला लागतो. एक पापुद्रा उचकटतो. तो मोठ्यांना दिसण्याआधी पोराला दिसतो. भाजलेल्या शेंगदाण्याची सालं काढावीत तशा शांत एकाग्रतेनं ते दुपारभर बसून एक अख्खी पाठ सोलून काढतं. घरचे म्हणत असतात, आज पोट्टं भलतं गुणी वागून राहिलं, आवाज नाही काही. लहान मूल असलेल्या घरात शांतता ही चौकशी करण्याची गोष्ट आहे, समाधान मानण्याची नाही.

आणि हा सगळा हिशेब फक्त घरच्या मुलांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या तिच्या दोघांना घेऊन अकोल्याहून अमरावतीला येते किंवा मामाकडची तीन पोरं अमरावतीहून अकोल्याला उतरतात, तेव्हा गुणाकार सुरू होतो. पाहुण्यांच्या मुलाला रागावता येत नाही हा या प्रांताचा अलिखित कायदा आहे. ते मूल नव्या टीपॉयच्या काचेवर उभं राहून नाचत असतं. यजमान बाईचा जीव काचेच्या चारही कोपऱ्यांत वाटला गेलेला असतो, पण तोंडानं ती म्हणते, ‘राहू द्या न वहिनी, लेकरू हाय ते. लेकराले काय समजते?’ त्यावर वहिनी खरोखरच राहू देतात. या संवादात आजवर किती काचा गेल्या त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

जुन्या वऱ्हाडी घरात हे प्रश्न फारसे नव्हते, आणि ते मुलं गरीब होती म्हणून नव्हे. सामान शहाणं होतं. बाज घ्या. चार पाय, चार पाट्या, मध्ये दोरी. पाणी सांडलं तर खालून निघून जातं, उडी मारली तर दोरी झेलते, सैल पडली तर पायथ्याशी ओढून पुन्हा ताठ करता येते. दिवसा भिंतीशी उभी केली की पोरांना घर-घर खेळायला आयती झोपडी. गादी तर कापसाच्या मुलखातली, तेव्हा कापूस घरचाच. मूल रात्री गादीवर जे करतं ते करतंच. गादी सकाळी उन्हात जाते, शेजाऱ्यांना बातमी कळते आणि विषय संपतो. चारदोन वर्षांनी कापूस पिंजून घेतला की गादी नवी. बैठकीच्या खोलीत सतरंजी, गादी, लोड, तक्के. पडून पडून माणूस पडणार किती उंचावरून? चार इंचांवरून.

या सगळ्यांत मानाची वस्तू बंगई. मराठी मुलखात इतरत्र तिला झोपाळा म्हणतात, पण बंगई म्हटल्याशिवाय ती हलत असल्यासारखी वाटत नाही. सागाची जाड फळी, चार साखळ्या, वर छताला कड्या. तिच्यावर बाळं झोपली, सुपाऱ्या कातरल्या गेल्या, लग्नं जुळली, सोयरिकी मोडल्या. मुलांनी जे करू नये म्हणून आज सोफ्यावर आरडाओरडा होतो, ते सगळं करण्यासाठीच ती टांगलेली असते. तिचा एकच दुर्गुण. ती मागे जाते तशी पुढेही येते, आणि मध्ये कपाळ आलं तर टेंगूळ देऊन जाते. सिमेंटच्या स्लॅबची घरं आली तरी अमरावतीतली जाणती माणसं स्लॅब पडतानाच बंगईसाठी लोखंडी हूक टाकून घेतात. घराचा आराखडा काढणाऱ्याला हे लक्षात राहत नाही, आजीला राहतं.

मूल आणि सामान यांचं भांडण मिटवण्याचा जगातला एक मोठा प्रयत्न १९०७ मध्ये रोममध्ये झाला. सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं आणि जमिनीला ठोकलेले जड बाक नाकारून मुलांच्या मापाची, मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आणल्या. लोक म्हणाले, हलकी खुर्ची मुलं पाडतील. बाईंचं म्हणणं, पाडू द्या. पडली की आवाज होतो, आणि आपलं चुकलं हे मुलाला कुणी न सांगता कळतं. विचार मोठा आहे. मात्र आपल्याकडच्या बैठकीत खुर्ची पडल्याच्या आवाजातून मुलाला वेगळंच ज्ञान होतं. स्वयंपाकघरातून इथवर यायला आईला किती सेकंद लागतात, हे त्याला कळतं.

गंमत म्हणजे हा विचार मराठी घरांत रुजवण्यात जिचा मोठा वाटा, ती बाई काही काळ अमरावतीची सून होती. ताराबाई मोडक यांचं लग्न अमरावतीच्या एका वकिलांशी झालं होतं. १९२१ मध्ये ते घटस्फोटानं संपलं आणि त्या गुजरातेत गेल्या. राजकोटला प्राचार्यपद सांभाळलं, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात पडल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र, पुढे कोसबाडचं काम. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं अशा जवळच्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या. अंगणवाडीची कल्पनाही त्यांच्याच कामातून उमलली. मुलाला महाग वस्तूचं आकर्षण नसतं, हाताळता येणाऱ्या वस्तूचं असतं, ही त्यांची ओळख पक्की होती. हे ज्या गावात त्या नांदल्या त्या गावालाही पटतं. सोफा आणल्या दिवशी पोरगं सोफ्याकडे ढुंकून पाहत नाही, तो ज्या पुठ्ठ्यातून आला त्यात जाऊन बसतं आणि आठ दिवस बाहेर येत नाही. पैसे वाचवायचे तर नुसता पुठ्ठाच आणावा, पण तो पाहुण्यांना टकटक करता येत नाही.

मग उरतो वऱ्हाडी मध्यमवर्गाचा आवडता तोडगा, झाकणं. दुकानातलं प्लॅस्टिक सहा महिने काढायचं नाही. ते फाटलं की वर खोळ. खोळीवर टर्किश टॉवेल. टॉवेलवर जुनी चादर. पाहुणे येणार असल्याचा फोन आला की पाच मिनिटांत चादर, टॉवेल, खोळ सगळं निघतं आणि सोफा लग्नातल्या नवरीसारखा उघडा पडतो. पाहुणे गेले की पुन्हा पडद्यात. घरातल्या माणसांनी आपल्याच सोफ्याचा खरा रंग वर्षाकाठी चार-पाचदा पाहिलेला असतो. फेविकॉलला २०१९ मध्ये साठ वर्षं झाली तेव्हा त्यांनी केलेल्या जाहिरातीत एकच सोफा लग्नात येतो आणि खोळी बदलत साठ वर्षं या घरातून त्या घरात फिरत राहतो. जाहिरात गाजली. त्यातलं डिंकाचं श्रेय कंपनीनं घ्यावं, खोळींचं मात्र घरोघरच्या बायकांना द्यावं.

एका बाबतीत थट्टा बाजूला ठेवायला हवी. कपाटाचे खण ओढून त्यांची शिडी करणं हे प्रत्येक मुलाला कधी ना कधी सुचतं. २०१६ मध्ये आयकिया या स्वीडिश कंपनीनं अमेरिकेत खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न जखडलेली अशी कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. आपल्याकडे शोकेस, टीव्हीचं स्टँड, पुस्तकांचं कपाट नुसतंच भिंतीला टेकवलेलं असतं. एल आकाराची पट्टी आणि चार स्क्रू एवढंच काम आहे, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. जड सामान खालच्या खणात ठेवावं. सुतार पॉलिश करायला आला की पहिल्यांदा हे करून घ्यावं, कारण तो नंतर ‘सोमवारी येतो’ म्हणेल.

एवढं सगळं झाल्यावर पोळा येतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भातल्या मुलांचा हा हक्काचा सण. लाकडी बैल, त्याला चाकं, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. तो बैल आदल्या दिवशीपासून घरभर फिरवला जातो. दिवाणाच्या पायाला त्याची शिंगं लागतात, टीपॉयच्या कडेला चाक घासतं, कपाटाच्या दाराला तर तो धडकतोच, कारण कपाट हा गोठा ठरलेला असतो. संध्याकाळी बैल गल्लीत मिरवून येतो, बोजाऱ्याचे, म्हणजे बैल मिरवल्याच्या ओवाळणीचे, पैसे मिळतात, आणि मग एक नवल घडतं. तेच पोरगं तो बैल ओल्या फडक्यानं पुसतं, शोकेसमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला लावतं आणि आजोबांनी सहज हात पुढे केला की ओरडतं, ‘हात नका लावू आबा, पॉलिश जाईन त्याचं!’ दिवाण, सोफा, कपाट यांच्या अंगावर जागोजाग ओरखडे असतात. बैल मात्र कोरा.

तरीही ज्यांना या दिवाळीत सोफा घ्यायचाच आहे त्यांनी घ्यावा, कुणी अडवलेलं नाही. लाकूड टकटक करून पाहा, खोळ चेन लावून निघते का ते विचारा, टीपॉयला काच नको म्हणून सांगा, आणि कापड निवडताना खिशात चिमूटभर हळद नेऊन तिच्याशी रंग जुळवून घ्या. दुकानदार मलईच्या रंगाचं कापड उलगडून ‘हे पाहा, काय दिसून राहिलं!’ म्हणू लागला, तर घाईनं हो म्हणू नका. त्याला एवढंच विचारा, भाऊ, तुमच्या घरी पोट्टे किती, अन् सोफा कोणत्या रंगाचा?